मूठ सुटेपर्यंत

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लढाईचा सिनेमा लागला की सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सुभेदार आबांच्या सोप्यात पाय ठेवायला जागा उरायची नाही. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. ते स्वतः सिनेमा फारसा बघत नसत, दाराशी बाज टाकून बसत. त्या दिवशी पडद्यावर नायकानं कमरेचा हातगोळा काढला, कडी दातांत धरली, मानेला एक झटका देऊन पिन उपसली, थुंकली आणि गोळा भिरकावला. समोरची चौकी, तिच्यामागचं झाड, दोन जीपगाड्या, सगळं नारंगी ज्वाळांत वर गेलं. आम्ही पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आबा म्हणाले, "दात पडतील की रं त्येचं."

सिनेमा संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी तेव्हा आठवीत होतो. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. आबांनी खिळ्यामोळ्यांच्या डब्यातून एक कॉटर पिन काढली, ट्रॉलीच्या एका भोकातून आरपार घातली, पक्कडीनं तिचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकवले आणि तिच्या डोक्यात जाड तारेची कडी अडकवली. म्हणाले, "ओढ." मी कडीत बोट घालून ओढलं. पिन जागची हलली नाही. पाय रोवून, दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं, तेव्हा बोटावर लाल वळ उठला आणि पिन कशीबशी अर्धी सरकली.

"आता दातानं ओढ."

मी नुसता बघत राहिलो. आबांनी पक्कडीनं पिनेचे पाय सरळ केले, कडी जराशी पिळून ओढली, तेव्हा पिन निघाली. मग ते परसात गेले आणि झाडावरचं एक कच्चं डाळिंब तोडून आणलं. घरातून एक पळी मागवली. डाळिंब माझ्या उजव्या हातात दिलं, पळीचा दांडा त्यावर आडवा न ठेवता उभा, तळव्याच्या बाजूला ठेवला आणि माझी मूठ आपल्या मुठीत घेऊन गच्च आवळली.

"पिन गेली समज. तर काय झालं? कायबी न्हाय. गोळा निजलाय. ह्यो दांडा तळव्याखाली दबलाय तंवर दिसभर हिंड गावातनं, फुटायचा न्हाय. पिन म्हंजे नुसतं कुलूप. खरी राखण ह्या मुठीची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात न्हवं? ती ही मूठ."

मग त्यांनी हात काढून घेतला. माझी बोटं सैल झाली आणि पळी फरशीवर पडून वाजली.

"चार सेकंद," आबा म्हणाले.

त्या पळीचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर, ग्रंथालयांत बसायची सवय लागल्यावर मी त्या दांड्याचा माग काढत गेलो. आबांनी माझ्या तळव्याखाली दाबलेला तो दांडा पहिल्यांदा कुणाला सुचला आणि का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

हातानं फेकायचा स्फोटक गोळा ही नवलाईची गोष्ट नाही. ग्रेनेड हे नावच मुळी फ्रेंचांच्या डाळिंबावरून आलंय: वर कवच, आत दाणे. आबांनी परसातून नेमकं डाळिंबच तोडून आणलं, तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे मोगल-मराठ्यांच्या काळातल्या वेढ्यांत दारू भरलेले हुक्के वात पेटवून फेकले जात. युरोपात उंच, दणकट शिपायांच्या खास तुकड्या याच कामासाठी उभ्या राहिल्या आणि त्यांना ग्रेनेडियर म्हणू लागले. पण या सगळ्या गोळ्यांची खोड एकच होती. वात पेटली की गोळा फेकणाऱ्याच्या हातातच जागा झालेला असे. वात लवकर जळली, पाय घसरला, शेजाऱ्याचा धक्का लागला तर तो ज्याचा होता त्याचाच जीव घेई. बंदुका लांब पल्ल्याच्या झाल्या तशी फौजांनी ही जोखीम सोडून दिली. नाव तेवढं पलटणींच्या बिल्ल्यांवर उरलं.

1904-05 मध्ये पोर्ट आर्थरच्या वेढ्यात रशियन आणि जपानी शिपाई एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर खंदकांत बसले आणि घरगुती बाँब पुन्हा उडू लागले. ब्रिटिश निरीक्षकांनी ते पाहिलं. त्यातून 1908 मध्ये ब्रिटिश फौजेचा 'नंबर 1' हातगोळा आला. वेताच्या लांब दांड्याचा, शेपटीला कापडाच्या पट्ट्या लावलेला. जमिनीवर नाकावर आपटला की फुटायचा. मोकळ्या मैदानात ठीक होतं, पण खंदक हा हातभर रुंदीचा चर. फेकायला हात मागे नेला की दांडा मागच्या भिंतीवर आपटायचा. मागच्या भिंतीवर आपटला म्हणजे काय झालं, ते सांगायला नको. शिपाई शत्रूपेक्षा या गोळ्याला जास्त भीत.

1914 च्या ऑक्टोबरात हिंदी फौज फ्रान्सच्या चिखलात उतरली. तिच्यासोबत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, 20 आणि 21 नंबरच्या. 28 ऑक्टोबरला न्यव शापेल गावात या दोन कंपन्या आणि 47 वी शीख पलटण गल्लीगल्लीतून, घराघरातून लढली. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, रस्ते करणारे लोक. त्यांना त्या दिवशी संगिनी घेऊन लढावं लागलं आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. त्यानंतरचा हिवाळा खंदकांत गेला. समोर जर्मनांकडे चांगले हातगोळे होते, इकडे हात रिकामे. मग फौजेनं खाऊन टाकलेल्या जॅमच्या डब्यांकडे बघितलं. डब्यात दारू, मोडके खिळे, लोखंडाचे तुकडे, वर बाहेर काढलेली वात. विडी-सिगारेटनं ती पेटवायची आणि फेकायची. खंदकात असे डबे भरण्याचं काम सॅपर्सच्याच गळ्यात आलं.

हिंदी फौजेच्या सॅपर्समधल्या बेसिल कॉन्डन बॅटी नावाच्या अधिकाऱ्यानं जवळच्या बेत्यून गावात बिडाच्या नळकांडीचा एक बरा गोळा ओतवून घेतला. बॅटी बाँब म्हणून तो त्या आघाडीवर बराच चालला. हाच बॅटी पुढे हिमाचलातल्या जोगिंदरनगरला शानन वीजप्रकल्पाच्या कामावर दिसतो, तेव्हा मला फार बरं वाटतं. डोंगरातून पाणी आणून पंजाबला वीज देणारा माणूस तोच. पण त्याच्या बाँबलाही वातच होती, आणि वात म्हटली की पाऊस आला.

पाऊस 25 सप्टेंबर 1915 ला आला. फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत ब्रिटिश फौजेपाशी बरेचसे गोळे असे होते की त्यांची वात काडीसारखी घासून पेटवायची. घासायला शिपायाच्या दंडावर काडेपेटीच्या कडेसारखी पट्टी बांधलेली असे. सकाळच्या भुरभुर पावसात त्या पट्ट्या भिजल्या. माणसं शत्रूच्या खंदकात उतरली, हातात गोळा, दंडावर ओली पट्टी. घासतायत, घासतायत, पेटत नाही. मी काडेपेटी ओली झाली की अजून त्या माणसांची आठवण काढतो. पावसाळ्यात चूल पेटेना म्हणून माझी आई वैतागायची तसंच ते वैतागले असतील, फक्त समोरून माणूस संगीन घेऊन येत होता.

ज्यानं यातून मार्ग काढला तो सैनिक नव्हता. विल्यम मिल्स, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंडचा. 1856 चा जन्म. जहाजांवरच्या यंत्रांत त्याची उमर गेली होती. ब्रिटनमधला अॅल्युमिनियम ओतण्याचा पहिला कारखाना त्यानं तिथेच काढला. त्याच धातूची गोल्फची काठीसुद्धा बनवली. पण त्याचं नाव आधी झालं ते दुसऱ्याच एका वस्तूनं, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली तीच आहे.

जहाज बुडायला लागलं की जीवरक्षक होड्या खाली सोडतात. होडी दोन टोकांना दोन दोरखंडांवर लोंबकळत असते. खाली लाटा उसळतायत. एक टोक आधी सुटलं आणि दुसरं अडकून राहिलं तर होडी उभी होते आणि माणसं समुद्रात पडतात. सगळं सुटण्याच्या क्षणावर आहे. आधी घट्ट धरायला हवं, अगदी विश्वासानं. आणि सोडायचं म्हटलं की एका क्षणात, पूर्ण, दोन्हीकडून सुटायला हवं. मिल्सनं या अडकवण्या-सोडवण्याची यंत्रणा बनवली होती. धरून ठेवणं आणि सोडणं, आयुष्यभर तो याच दोन गोष्टींचा विचार करत आला होता.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो साठीला टेकला होता आणि बर्मिंगहॅमला कारखाना चालवत होता. बेल्जियममधल्या एका कंपनीकडचा एक हातगोळा त्याच्यासमोर आला. लेओं रोलाँ नावाच्या कॅप्टनचा तो गोळा. बाहेरून वात न पेटवता गोळ्यानं आतल्या आत स्वतःच पेटून घ्यावं, ही कल्पना रोलाँची होती. मात्र रचनेत खोट होती. मिल्स ती सुधारायला बसला. पुढे रोलाँ आणि मिल्स यांच्यात पेटंटावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, म्हणून बेल्जियमच्या माणसाला त्याचं देणं दिलंच पाहिजे. पण जी वस्तू मिल्सनं 1915 मध्ये ब्रिटिश फौजेच्या हातात दिली, तिच्यात मला त्या होडीचे दोरखंड दिसतात.

गोळा बिडाचा. आत मधोमध एक नळी. नळीत एक खिळा, त्याच्याभोवती दाबलेली स्प्रिंग. स्प्रिंगला तो खिळा खाली आपटायचाय, पण वरच्या बाजूला त्याची मान एका वाकड्या दांड्यानं धरून ठेवलीय. तो दांडा गोळ्याच्या अंगाला लागून खाली उतरतो, अगदी माणसाच्या तळव्याच्या वळणाचा. दांड्याच्या वरच्या टोकाशी कानांतून पिन गेलीय, म्हणून तो उडत नाही. फेकणारा आधी तळव्याखाली दांडा दाबतो आणि मग पिन काढतो. आता स्प्रिंगची सगळी ताकद माणसाच्या मुठीत आलेली असते. घाई नाही. खिळा जागेवर आहे, काहीही पेटलेलं नाही. नेम धरता येतो, वाट बघता येते. समोर आपलाच माणूस आला तर थांबता येतं. फेकताना गोळा हातातून सुटतो तेव्हाच दांडा उडतो, खिळा खालच्या स्फोटक टोपीवर आपटतो आणि आतली वात जळायला लागते. तोवर गोळा हातापासून लांब गेलेला असतो.

शेकडो वर्षं माणूस पेटवून मग फेकत होता. मिल्सनं क्रम उलटा केला: आधी फेक, मग पेट. पाऊस, वारा, थरथरणारी बोटं, ओली पट्टी, यांतलं काहीही आता आड येत नव्हतं. मूठ सोडणं हीच काडी.

ब्रिटिश फौजेनं त्याला 'नंबर 5' म्हटलं. पुढे सुधारत सुधारत तो 'नंबर 36' झाला. महायुद्धात दोस्त फौजांना सुमारे साडेसात कोटी मिल्स गोळे पुरवले गेले. सरकारनं मिल्सला 27,750 पौंड दिले, 1922 मध्ये 'सर' केलं. 1932 मध्ये तो गेला.

नंबर 36 च्या मागे एक 'एम' लागतो, 36 एम. हे अक्षर मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं. आपल्या लोकांचं रक्त सगळ्यात जास्त सांडलं ते तिथेच. पुण्याची 6 वी डिव्हिजन टायग्रिसच्या काठी कूत-अल-अमारात कोंडली गेली, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. 24 डिसेंबरला तुर्कांनी कूतच्या मातीच्या किल्ल्याची भिंत फोडली. आत 103 व्या पलटणीचे मराठे इंग्रज सोजिरांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. तिथे अजून जॅमच्या डब्यांचेच बाँब चालत होते.

त्या मुलखातल्या उष्ण, दमट हवेत गोळ्याच्या आत ओल शिरू नये म्हणून 36 एमला लाखेचा लेप देऊ लागले. लाख म्हणजे आपल्या पळसा-बोरांच्या झाडांवर किडे जी तयार करतात ती. जगाला तेव्हा लाख मुख्यतः हिंदुस्थानच पुरवत होता. आमच्या आजीच्या हातात लाखेच्या बांगड्या होत्या. बायकांच्या हातची लाख तिकडे बर्मिंगहॅमच्या बिडावर चढली आणि तिथून टायग्रिसच्या काठी मराठ्याच्या मुठीत आली, हे वाचलं त्या दिवशी मला पुढचं काही वाचवेना.

एक गोष्ट मात्र अजून नीट जमली नव्हती. 36 नंबरच्या गोळ्याची आतली वात सात सेकंद जळायची. 1940 मध्ये फ्रान्सच्या लढाईत कळलं की सात सेकंद म्हणजे फार. समोरचा माणूस पळून जातो, किंवा गोळा उचलून परत फेकतो. मग वात चार सेकंदांची झाली. आबांनी फरशीवर पडलेल्या पळीकडे बघून जो आकडा सांगितला, तो असा 1940 च्या पराभवातून आलेला होता.

आता पडद्याकडे येतो. पडदा आणि मिल्सचा गोळा एकाच काळात वाढले. 1916 च्या ऑगस्टमध्ये 'द बॅटल ऑफ द सॉम' हा माहितीपट लंडनमध्ये लागला. खंदकातून शिपाई वर चढतात, एखादा मागे घसरून पडतो, हा त्यातला प्रसंग लाखो बायाबापड्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिला. तो प्रसंग आघाडीच्या मागे उखळी तोफांच्या शिक्षणकेंद्रात रचून चित्रित केलेला होता. मी त्याबद्दल राग धरत नाही. खऱ्या हल्ल्यात कॅमेरा उभा करणं शक्यच नव्हतं. पण लढाईतलं काय दिसायला सोपं आणि काय अवघड, याची निवड त्या दिवसापासून सुरू झाली.

पिन दिसते. पिन चमकते, कडीतून निघते, दातांत धरता येते, थुंकता येते. नटाच्या हातातल्या नकली गोळ्याची पिन मुद्दाम सैल ठेवलेली असते. म्हणून ती दातानं निघते. स्फोटही दिसतो, आणि अधिक दिसावा म्हणून तंत्रज्ञ पेट्रोलसारखं काहीतरी उडवून पेटवतात, त्यातून तो नारंगी लोळ येतो. खरा हातगोळा फुटतो तेव्हा ज्वाळा जवळजवळ नसतातच. कडकन आवाज, करडा धूर, उडालेली माती. मारतात ते बिडाचे तुकडे, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. 36 नंबरच्या गोळ्याचं वजन पाऊण किलोच्या वर. तो नीट नेमानं पंधरा-वीस मीटर जातो, पण त्याचे तुकडे त्याहून लांब जातात. म्हणून फेकणाऱ्यानं फेकल्याबरोबर आडोसा घ्यायचा असतो. सिनेमातला नायक गोळा फेकून ताठ उभा राहतो आणि मागे स्फोट होऊ देतो. त्याला आबांच्या उस्तादानं बेळगावच्या मैदानावर दोन दिवस उपाशी ठेवलं असतं.

तसेच गोळ्याच्या अंगावरचे ते चौकोनी खोबे. अननसासारखे. पडद्यावर हातगोळा म्हटला की खोबे हवेतच. मीही लहानपणापासून धरून चाललो होतो की त्या रेषांवरून गोळा तुटतो आणि तुकडे होतात. पण मिल्सनं ते पकड घट्ट बसावी म्हणून ठेवले होते. चिखलानं माखलेल्या, थंडीनं बधिरलेल्या हातातून गोळा निसटू नये म्हणून. पुढच्या गोळ्यांनी हे खोबे टाकून दिले, गुळगुळीत झाले, तरी पडद्यानं अननस सोडला नाही. मला मात्र ते खोबे आवडतात, कारण त्यांच्यात माणसाच्या हाताचा विचार आहे.

काही सिनेमांनी गोळ्याचा मान राखला, हेही सांगितलं पाहिजे. 'कॅप्टन अमेरिका'च्या 2011 च्या पहिल्या भागात कवायतीच्या मैदानावर नकली गोळा पडतो, सगळे पांगतात आणि तो किडमिडा पोरगा पोटाखाली गोळा घेऊन पालथा पडतो. शेंडा-बुडखा नसलेल्या त्या कथेत मला ती चार सेकंदं खरी वाटली. आपल्याकडे चेतन आनंद यांनी 1964 मध्ये 'हकीकत' काढला आणि 1988 मध्ये दूरदर्शनसाठी 'परमवीर चक्र' ही मालिका केली. आबा ही एकच मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत, ताठ बसून बघत. नंतर 'बॉर्डर', 'एलओसी कारगिल', 'लक्ष्य' आले, ते आम्ही पोरं बघत राहिलो.

पण एक गोष्ट मला पडद्यावर पोटभर बघायला मिळाली नाही. पिन गेली आहे, गोळा अजून हातात आहे, दांडा तळव्याखाली दबलाय, आणि माणूस वाट बघतोय. त्या वेळात स्फोट नाही, आवाज नाही, दाखवण्यासारखं काही नाही. कॅमेऱ्याला तो वेळ रिकामा वाटतो. मिल्सनं आयुष्यभर जो विचार केला, तो सगळा त्या वेळात भरलेला आहे.

36 एम आपल्या फौजेत फार वर्षं राहिला. 1948, 1962, 1965, 1971, पुढे कारगिल. मिल्सच्या मूळ रचनेला शंभर वर्षं होऊन गेली तरी जवानाच्या कमरेला त्याच वंशाचा गोळा होता. मग 24 ऑगस्ट 2021 ला नागपुरात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत नवा हातगोळा फौजेच्या स्वाधीन झाला. रचना डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेची, बनावट नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जची. दहा लाख गोळे, किंमत सुमारे 409 कोटी रुपये. एकच गोळा दोन तऱ्हांनी वापरता येतो, चढाईत वेगळा, बचावात वेगळा. बातमी वाचली तेव्हा आबा हयात नव्हते. असते तर त्यांनी किंमत विचारली नसती. दांडा तळव्यात कसा बसतो, एवढंच विचारलं असतं.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत मी एकदा गावी गेलो ते दोन कागद घेऊन. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या दोन मराठा शिपायांची पराक्रमपत्रं मी मराठीत उतरवून घेतली होती. बाजेवर त्यांच्या शेजारी बसून वाचून दाखवली.

पहिलं नाईक यशवंत घाडगे यांचं. माणगाव तालुक्यातले, बाविशीचा पोरगा. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला आणि घाडग्यांखेरीज सगळे पडले किंवा जखमी झाले. मागे कुणी उरलं नाही हे ठाऊक असताना ते एकटे त्या मशिनगनवर धावले. आधी हातगोळा टाकून गन आणि गनवाला गारद केले, एकाला टॉमी गननं मारलं. गोळ्या संपल्या, नवं मॅगझिन चढवायला सवड नव्हती, म्हणून बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच गेले. आबांना हे माहीत होतं. त्यांनी मान हलवली.

दुसरं शिपाई नामदेव जाधव यांचं. संगमनेरजवळच्या निमज गावचे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. पलटण 1/5 मराठा. कंपनी नदी ओलांडत असताना तीन मशिनगनांचा मारा आला. जाधव कंपनी कमांडरचे निरोप पोचवणारे रनर होते. कमांडर आणि दोघे जखमी झाले, सोबतचे बाकीचे बहुतेक मारले गेले. जाधवांनी जखमींपैकी एकाला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. परत आले, दुसऱ्याला नेलं. मग एकटेच मशिनगनांवर चालून गेले. पहिली टॉमी गननं बंद केली. तेवढ्यात हाताला जखम झाली. बंदूक चालवता येईना, म्हणून त्यांनी ती फेकून दिली आणि हातगोळे काढले. मधे गोळे संपले तर सरपटत काठावर जाऊन आणखी घेऊन आले. उरलेल्या दोन्ही मशिनगना गोळ्यांनी बंद केल्या. मग काठावर उभे राहून, तोफगोळे पडत असताना, शिवाजी महाराजांचा जयजयकार करत हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

मी कागद खाली ठेवला. आबा बराच वेळ समोर बघत राहिले.

"हाताला लागलं आन मग गिरनेड काढलं?"

"हो आबा."

"कंच्या हाताला?"

"नुसतं हात म्हटलंय."

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताची मूठ वळली, तळव्याखाली काही नसताना बोटं अशी बसली की मला तिथे दांडा दिसला. डाव्या हाताचं पहिलं बोट आकड्यासारखं वाकवून त्यांनी मुठीच्या वर आणलं.

"चांगल्या हातात गोळा. लिव्हर दाबलेली. ती सोडून चालत न्हाय. मग पिन काढायची कशानं? लागलेल्या हातानं. कडीत बोट घालायचं आन वढायचं." ते थांबले. "तुला त्या ट्रॉलीची पिन वढाय सांगितली हुती. किती वढली हुतीस?"

"अर्धी."

"तसल्या हातानं. परत्येक गोळ्याला." त्यांनी आकड्यासारखं वाकलेलं बोट तसंच हवेत धरलं होतं. "आन गोळं सपलं तर जाऊन आनखी आनलं."

बाहेर अंधारून आलं होतं. आबांनी उजवी मूठ अजून उघडली नव्हती. मी ती बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी सावकाश एकेक बोट सोडलं, तळवा धोतरावर पुसला आणि गोठ्यात दिवा लावायला उठले.